पेंग्विनवाले काका

आमच्या घरमालकांनी जन्मात कधी पेंग्विन पाहिला नव्हता. त्यांच्या बर्फाच्या कारखान्यावरचा बोर्ड बघितला, तर तो रंगवणाऱ्या पेंटरनेही पाहिला नसावा. बोर्डावर पांढरं बनियन घातलेला एक कावळा होता, त्याच्या शेजारी पांढरं अस्वल, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘पेंग्विन आइस फॅक्टरी, इच्छापूर रोड, बुऱ्हाणपूर’. मी शाळेत भूगोल शिकवते. घरासाठी विचारायला कारखान्यावर गेले तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “काका, अस्वल उत्तर ध्रुवावर असतं आणि पेंग्विन दक्षिणेला. दोघांची उभ्या आयुष्यात भेट होत नाही.”

त्यांनी बोर्डाकडे नीट बघितलं, जणू तो आजच लागला होता. मग म्हणाले, “मॅडम, बोर्डावर जागा रिकामी राहत होती. पेंटरनं विचारलं, इथं काय टाकू? मी म्हणलं, थंडीतलं काही बी टाक. आता भेटले बिचारे, तर भेटू द्या ना.” आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

काकांची पहिली ओळख म्हणजे मे महिन्यातला स्वेटर. बुऱ्हाणपूरचा मे ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी शनवाऱ्याच्या भर चौकात कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा उन्हात लाल लोकरी स्वेटर घातलेला एक ठेंगणा, पोट सुटलेला म्हातारा डुलत डुलत चालताना दिसला, की समजावं पेंग्विनवाले सेठ निघाले. बर्फाच्या जोडीला त्यांनी केळी पिकवायची थंड खोली काढली होती. तिथे दिवसातून कितीदा तरी आत-बाहेर करावं लागे. बाहेर आल्यावर स्वेटर काढायचा आणि आत जाताना घालायचा, एवढा उद्योग कोण करणार, म्हणून तो अंगावरच राही. गुडघे गेल्यामुळे चाल डुलती झाली होती. पोरं मागून “पेंग्विन, पेंग्विन” करत. काका थांबून विचारत, “खरंच तसा चालतो का रे मी?” पोरं हो म्हणाली की खूश होऊन पुढे जात.

स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात काचेचा एक लांब थर्मामीटर असे. तो केळीच्या खोलीतला, पण त्याची हद्द तेवढीच नव्हती. चहाच्या कपात तो बुडे. भाडेकरूंच्या माठात बुडे. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी तो बासुंदीच्या पातेल्यात घातला आणि नवरीच्या मामाने त्यांना पंगतीतून उठवलं. दुसऱ्या दिवशी मला सांगत होते, “बासुंदी गरमच होती, मॅडम. माणूस खरं सांगायला गेला की उठवतात.” आपलं काही चुकलं असेल, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नव्हता.

घरमालक म्हणून त्यांचा जाच कमी नव्हता. भिंतीला खिळा ठोकू देत नसत. पाण्याची मोटर स्वतःच चालू करत आणि स्वतःच बंद करत, आणि ती वेळ पंचांगात बघून काढत असावेत असा माझ्या नवऱ्याला संशय होता. सगळ्यात वाईट म्हणजे दार न वाजवता आत येऊन आमच्या फ्रिजला कान लावत. दाराच्या रबरावरून बोट फिरवून म्हणत, “इथून थंडी पळते. फ्रिज उघडा टाकणाऱ्याचा संसार टिकत नाही, मॅडम.” मी एकदा चिडून म्हटलं, “काका, आमचा संसार ठीक चाललाय, तुम्ही रबर बदलून द्या.” संध्याकाळी माणूस येऊन रबर बदलून गेला. वर काकांचा निरोप, की संसाराचं काही अडलं तर तेही सांगावं.

पेंग्विन हेच नाव का, याची गावात अनेक उत्तरं होती, कारण काका ज्याला त्याला वेगळं सांगत. कुणाला सांगितलं, आइस्क्रीमच्या गाडीवर चित्र पाहिलं. कुणाला सांगितलं, स्वप्नात आला. मला म्हणाले, “उन्हाळ्यात बुऱ्हाणपूरच्या माणसाला बोर्ड वाचून बी थोडं गार वाटलं पाह्यजे.” हे मला पटलं, म्हणून मी तेच खरं धरून चालते.

बर्फ चालला, मग पेंग्विन कूलर आले, मग केळीची खोली. हळूहळू ते नाव काकांच्या हातून सुटून गावात शिरलं. पेंग्विन हेअर कटिंग निघालं, पेंग्विन साडी सेंटर निघालं, पेंग्विन ट्यूशन क्लासेस निघाले. एका माणसाने तर सिमेंटच्या दुकानाला तेच नाव दिलं. लोक काकांना चढवायला येत, “सेठ, केस ठोका, तुमचं नाव चोरतात.” काका केस ठोकायच्या ऐवजी त्या दुकानाच्या उद्घाटनाला जात, सोबत बर्फाची लादी नेत, आणि मालकाला बाजूला घेऊन एकच अट घालत. नाव खुशाल घ्या, पण उन्हाळ्यात दुकानासमोर पाण्याचा माठ पाहिजे, आणि तो रोज भरला पाहिजे. त्यामुळे आमच्या गावात अजूनही निंबोल्याहून, खकनारकडून बाजाराला आलेला माणूस तहान लागली की आधी पेंग्विनचा बोर्ड शोधतो. सिमेंटवाल्याने एका उन्हाळ्यात माठ ठेवला नाही. काका रोज दुपारी त्याच्या दुकानासमोर स्वेटर घालून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, “पाणी पिणार का? इथं मिळत नाही.” माठ आला.

मुंबईत खरे पेंग्विन आणले, तेव्हा काकांच्या इंदूरच्या मुलाने फोन करून सांगितलं, बाबा, चला, दाखवून आणतो. काका गेले नाहीत. म्हणाले, “एसीच्या खोलीत कोंडलाय त्याला. एसीच दाखवायचा होता तर माझ्याकडे काय कमी होता?” पण रोज रात्रीच्या जेवणाबरोबर ते टीव्हीवर पेंग्विनच शोधत. काकू गेल्यावर घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो; खालून इंग्रजी निवेदकाचा आवाज येई, काकांना त्यातलं अक्षर कळत नसे, आणि तरी सकाळी ते जिन्यात गाठून मला सगळं सांगत. कुठल्या पेंग्विनच्या घरट्यातला दगड कुणी चोरला, कोण पाण्यात पडलं. मला शाळेची घाई असे. मी “हो का, हो का” करत चपला घालत असे.

मी हे सगळं हसत सांगतेय. पण ज्या दिवसासाठी मी ह्या माणसाची जन्मभराची ऋणी आहे, तो दिवस आता सांगते.

माझी मुलगी वेळेच्या खूप आधी झाली. जानेवारी होता, आणि त्या वर्षी तापीच्या काठाने बोचरी थंडी पडली होती. पोरगी एवढीशी, नवऱ्याच्या तळहातापेक्षा थोडी मोठी. आधी काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मग डॉक्टर म्हणाले, आता पेटी नको, आता हिला माणसाची ऊब हवी. आईने उघड्या छातीशी धरून ठेवायचं, दिवसभर, कातडीला कातडी लावून. पण माझं ऑपरेशन झालेलं, टाक्यांत पू झालेला, अंगात ताप, आणि थंडी वाजून मीच थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, मग वडिलांनी धरावं, त्यात काही फरक नाही.

डॉक्टरांना फरक वाटत नव्हता, पण माझ्या सासरी फार मोठा फरक होता. माझं सासर निंबोल्याचं, केळी-कापसाचं शेत असलेलं. त्या घरात वडीलधाऱ्यांसमोर पुरुष स्वतःच्या पोराला हात लावत नाही. भावाचं पोर खांद्यावर घेऊन गावभर फिरेल, पण स्वतःचं रडत असलं तरी उचलणार नाही, ते निर्लज्जपणाचं समजतात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, माझ्या नवऱ्याला लहानपणी एकदाही कडेवर घेतलं नव्हतं. हे घरात कुणी तक्रार म्हणून सांगत नसे, रीत म्हणूनच सांगत. आणि आता आबा वॉर्डाच्या दाराशी स्टुलावर बसलेले होते.

नर्स आली. केरळकडची होती, पण हिंदी तिची इथलीच झाली होती. “पापा कौन है? आओ, शर्ट निकालो.” माझा नवरा वीज मंडळाच्या ऑफिसात लोकांना नियम शिकवणारा माणूस, तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि आबांकडे बघायला लागला. आबा जमिनीकडे बघत होते. सासूबाई मध्ये पडल्या. “राहू द्या व बाई, मी आणलाय ना तिच्यासाठी कापूस. आपल्या वावरातला हाये, हातानं सरकी काढलेला. यात ठेवली की ऊब येईन तिले.” आणि त्यांनी पोरीला मऊ पांढऱ्या कापसात गुंडाळलं. इतका सुंदर कापूस मी पाहिला नाही. ती त्यात दिसेनाशी झाली.

दुपारपर्यंत तिने दूध ओढणं बंद केलं. चमच्याने घातलं तर ओठांतून बाहेर येई. सासूबाईंनी आणखी कापूस लावला. नर्सने पावलं चाचपली, तिचा चेहरा उतरला. म्हणाली, बच्ची ठंडी पड़ रही है, ऐसे ही रहा तो दूध पिएगीच नहीं, फिर मैं कुछ नहीं कह सकती. मला ताप होता, पण हे वाक्य मी शुद्धीवर ऐकलं. मी नवऱ्याला हाक मारली, तो आला आणि पलंगाजवळ उभा राहून रडायला लागला. पण शर्टाच्या बटणाकडे त्याचा हात जात नव्हता. आबा अजून तिथेच बसलेले होते.

तेवढ्यात काका आले. हातात दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा डबा, अंगात स्वेटर, या वेळी मोसमाला शोभणारा. त्यांनी कुणाची विचारपूस केली नाही. सरळ पोरीजवळ गेले, कापूस बाजूला करून तिच्या तळव्यांना हाताची पाठ लावली, आणि खिशातला थर्मामीटर काढला. नर्सने तो हातातून ओढून घेतला. “सेठजी, ये केले का है, बच्ची का नहीं.” काकांनी तो मुकाट्याने परत घेतला आणि सासूबाईंना विचारलं, “वहिनी, हे काय गुंडाळलं?”

“कापूस. उबेसाठी.”

“मी बर्फ कशात ठेवतो, माहीत आहे?”

सासूबाईंना काही कळेना. “भुशात ठेवता ना.”

“भुशात. वर गोणपाट. आता सांगा, भुशानं बर्फ गरम होतो का?”

“नही व्हत.”

“का नाही होत? कारण भुसा गरम बी नाही करत अन् थंड बी नाही करत. जे आहे ते फक्त राखून ठेवतो. बर्फ थंड आहे, थंड राहतो. तुमचा कापूस बी तेच करतो, वहिनी. पोरगी गार आहे, तर गारच ठेवणार. आधी तिले ऊब द्यावी लागते, मग कापूस.”

सासूबाईंनी कापसाकडे पाहिलं. आयुष्यभर तो पिकवलेली बाई ती. त्यांचा हात पोरीवरून सरकला आणि तोंडाला गेला.

नर्स म्हणाली, सुबह से यही बोल रही हूँ, पापा को बोलो. तेव्हा काकांना सगळा प्रकार कळला. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, मग आबांकडे, आणि म्हणाले, “आबा, पेंग्विनची मादी अंडं घालते अन् समुद्रात निघून जाते, खायला. तिच्या अंगात जीवच राहत नाही, काय करणार. मग तिथं बर्फात बाप उभा राहतो, अंडं पायावर घेऊन, पोटाखाली झाकून. खात नाही, बसत नाही. शेजारी त्याचा बाप, काका, सगळे उभे असतात, सगळ्यांच्या पायावर अंडी. तिथं कोणी कोणाला लाजत नाही. लाजला तर अंडं गोठतं.”

मग काकांनी स्वेटर काढायला सुरुवात केली. आत दुसरा स्वेटर होता, तोही काढला. मग शर्टाची बटणं. नर्स ओरडली, ये क्या कर रहे हो. काका म्हणाले, “सिस्टर, इसके बाप को शरम आती है. मैं तो पराया आदमी हूँ, मला कोणाची लाज? आणा पोरगी इकडे.” आणि तो ठेंगणा म्हातारा बनियन वर सरकवून, पांढऱ्या केसांची छाती उघडी टाकून, बायकांनी भरलेल्या वॉर्डात दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. पलीकडच्या पलंगावरची बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. मी रडत होते आणि हसतही होते. मला खरंच वाटत होतं की तो आता माझ्या लेकीला घेणार, आणि घेतलं असतं तर मी अडवलं नसतं.

आबा स्टुलावरून उठले. खांद्यावरचं उपरणं काढलं. माझ्या नवऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “काढ तो शर्ट.” नवऱ्याने काढला. आबांनी स्वतःच्या हाताने पोरीला कापसातून उचललं, मुलाच्या छातीवर ठेवलं, आणि त्या दोघांभोवती उपरणं गुंडाळून मागे गाठ मारली. त्यानंतर सासूबाईंनी कापूस घेतला आणि उपरण्यावरून चहूबाजूंनी लावला.

काकांनी शर्टाची बटणं लावली, एक स्वेटर घातला, दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर टाकला. मग पलंगाच्या कडेला बसून डबा उघडला आणि सगळ्या वॉर्डाला दराबा वाटला. संध्याकाळी नर्सने पोरीचे तळवे पाहिले आणि मलाही हात लावून बघायला सांगितलं. ते गरम होते. थोड्या वेळाने तिने चमचा ओठांनी धरला आणि दूध ओढलं. सासूबाई म्हणाल्या, “पिते व माय, पिते.” आबा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचे कितीतरी दिवस माझा नवरा तसाच बसून राहिला. त्याचं बघून दुसऱ्या पलंगावरच्या नवऱ्यांना त्यांच्या बायका टोमणे मारायला लागल्या, “त्या मॅडमच्या पेंग्विनकडे पाहा जरा.” एकेक करून ते बसायला लागले. मी घरी आले तेव्हा त्या वॉर्डात त्या गोष्टीला ‘पेंग्विन’शिवाय दुसरं नावच उरलं नव्हतं. काकांच्या कानावर हे घातलं तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, “नाव घेतलं ना? मग माठ पाह्यजे.” मार्चमध्ये वॉर्डाबाहेर एक माठ येऊन बसला, आणि तो भरायला कारखान्याचा माणूस रोज जाऊ लागला.

मुलगी मोठी होत गेली. दर वाढदिवसाला आम्ही तिला घेऊन खाली जायचो, मावा जिलेबीचा पुडा घेऊन. काका जिलेबीकडे बघतही नसत. आधी म्हणत, “पाय दाखव.” ती पाय पुढे करी. ते तळव्यांना हाताची पाठ लावून म्हणत, “ठीक आहे.” मग खात. चौथीत गेल्यावर तिला त्याची लाज वाटायला लागली, तरी ती पाय पुढे करायची. का, हे आम्ही तिला तोवर सांगितलं होतं.

गुडघे अगदीच थकले तेव्हा मुलगा त्यांना इंदूरला घेऊन गेला, आणि तिथेच ते गेले. कारखाना विकला. नव्या मालकाने बोर्ड उतरवून स्वतःच्या देवाचं नाव लावलं. मला फार वाईट वाटलं. कुणी आपलं माणूस गेल्यावर वाटतं तसंच वाटलं, त्यात कमी-जास्त काही नव्हतं. माझ्या आईवडिलांनी मला जन्म दिला आणि ह्या माणसाने माझ्या लेकीला राखलं, असं मी माझ्या माहेरी सांगते, आणि कुणी हसलं तर मला राग येतो.

यंदा हिवाळ्यात शाळेतली एक सहकारी बाळंत झाली. तिला बघायला मी त्याच वॉर्डात गेले. रंग नवा, पलंग नवे, नर्सही नवी होती, विशी-बाविशीची. कोपऱ्यात देडतलाईकडचा एक तरुण शेतकरी उभा होता, बायको झोपलेली, शेजारी त्याचा म्हातारा बाप. नर्स येऊन म्हणाली, “चलो भैया, पेंग्विन का टाइम हो गया.” तो कुणाकडे न बघता शर्ट काढून खुर्चीत बसला. तिने पोराला त्याच्या छातीवर ठेवून वरून चादर बांधली. त्याच्या बापाने वाकून चादरीचं टोक नीट केलं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “सिस्टर, ये पेंग्विन मतलब क्या?”

ती पुढच्या पलंगाकडे निघाली होती. वळून तिने जरा विचार केला, आणि तिला बहुतेक तेवढंच ठाऊक होतं.

“मतलब बाप,” ती म्हणाली. “और क्या.”

त्याने मान हलवली, आणि पोराच्या पाठीवर दुसराही हात ठेवला.